पोळीत गुंडाळलेलं पान

देवास, २९ डिसेंबर

सौ. नर्मदा,

वरती काय लिहायचं या विचारातच अर्धा चहा थंड झाला. आबांच्या काळी नवरे बायकोला अनेक उत्तम आशीर्वाद लिहून पाठवत. मी पाठवला तर तू तो तसाच परत धाडशील. म्हणून ते सोडतो आणि कामाचं लिहितो.

कोमलचा फोन आला होता. म्हणाली, भाऊ, तुम्हाला माईला काही सांगायचं असेल तर लिहून पाठवा, ती फोनवर येणार नाही, फोनवर तुम्ही ओरडता. मी ओरडत नाही. माझा आवाजच तसा आहे. सगळी नोकरी टूलरूममध्ये मशीनच्या वरचा आवाज काढून केली, तो आता रिटायर झालो म्हणून खाली उतरेल का? पण तुझा हट्ट तो हट्ट. कोमल म्हणते कागदाचा फोटो काढून माझ्या मोबाईलवर टाका, लगेच पोचेल. ते मी करणार नाही. हिंदी शाळेत शिकल्यामुळे पोरीला मराठी अडखळत वाचता येतं, पण अडखळत का होईना ती वाचेलच, आणि आईबापाचं भांडण मुलीनं वाचायचं काही कारण नाही. पोस्टानं पाठवतोय. जितके दिवस लागतील तितके लागोत.

घर ठीक आहे. जेवणाचं तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. शेजारची शिखा सकाळी पोहे आणून देते, दुपारी डबा येतो. डब्यातल्या वरणाला मी नावं ठेवत नाही, कारण ऐकायला समोर कोणी नाही.

आता गब्बूचं. तू जाताना मला नाही, शिखाला सांगून गेलीस की गब्बूला पथरी झाली आहे, त्याला रोज सकाळी पानफुटीचं एक पान पोळीत गुंडाळून, गुळाचा खडा लावून द्यायचं. शिखानं दारात उभं राहून मला निरोप दिला, अंकल, आंटी बोलके गई हैं, पत्थरचट्टा बंद मत करना. तुला वाटलं असेल मी हसलो. नाही हसलो. मला पथरी झाली होती तेव्हा तू हीच पानं खडीसाखरेबरोबर उपाशीपोटी चावायला लावली होतीस. खडा पडला. मी गावभर सांगत फिरलो की डॉक्टरच्या गोळ्यांनी पडला. पानानंच पडला असेल. हे लेखी देतोय, सांभाळून ठेव.

तर मी रोज देतो आहे. गॅलरीत जाऊन पान तोडतो, धुतो, पोळीची नळी करतो. तू एक सांगितलं होतंस, मी दोन देतो. गब्बू एवढं मोठं कुत्रं, काही मांजराएवढा नाही, आणि उपाय करायचा तर पुरता करावा. सुरुवातीला तो पान बाजूला काढून नुसती पोळी खायचा, आता मी पान बारीक चिरून गुळात कालवतो, मग त्याचा इलाज चालत नाही. बघ, तुझं एक तरी काम मी तू सांगितल्यापेक्षा जास्त करतो आहे.

त्या दिवशी शिखा दारात असताना मी म्हणालो, तुझ्या हातचं खाऊन हे कुत्रं एक दिवस मरेल. तोंडातून गेलं. पान बरं की वाईट हे मला काय ठाऊक? तू मला न विचारता देत होतीस म्हणून डोकं फिरलं. माझं डोकं भाजीत मीठ जास्त झालं तरी फिरतं, हे तुला काय नवीन आहे? त्यावरून बॅग भरून धार गाठायची गरज नव्हती. असो. संक्रांतीपर्यंत ये.

— भाऊ


देवास, ४ जानेवारी

नर्मदा,

तुझं उत्तर नाही. कोमल म्हणते पत्र मिळालं, माईनं वाचलं, घडी घालून उशीखाली ठेवलं आणि भाजी निवडायला बसली. म्हणजे राग गेला की वाढला? कोमलला विचारलं तर म्हणते, भाऊ, ते मला कसं कळणार.

मला घरात बसवत नाही. गॅलरीत जातो, फाटकापर्यंत जातो, चौकात जाऊन तळलेल्या कंदाचे गराडू खातो, ते तिखट लागतात म्हणून अर्धे टाकून परत येतो. टीव्ही लावतो, बंद करतो. काल देवीच्या टेकडीच्या पायऱ्या चढायला निघालो आणि मध्यावरूनच उतरलो, गब्बू घरी एकटा आहे म्हणून.

गब्बूनं काल उलटी केली. एकदाच. म्हणजे परवाही केली होती, पण ती लहान होती. आज सकाळी पुन्हा केली ती धरत नाही, कारण पोटात काही नव्हतंच. तोंडातून लाळ गळते आहे. थंडीनं असेल, यंदा थंडी कडक आहे. नाहीतर शिखा त्याला टोस्ट घालते, त्यातलं काही बाधलं असेल. तिला मी चांगलं सुनावलं.

एवढंच विचारायचं होतं की पान देणं चालू ठेवू की दोन दिवस थांबवू? माझ्या मनानं थांबवलं तर तू म्हणशील, शेवटी स्वतःला हवं तेच केलंत. म्हणून चालू ठेवलं आहे. कोमलजवळ हो किंवा नाही एवढा एक शब्द सांगितलास तरी पुरे.

— भाऊ


देवास, ७ जानेवारी, जनावरांच्या दवाखान्याच्या ओसरीत

नर्मदा,

गब्बू आत आहे. त्याला सलाईन लावलं आहे. मला बाहेर बसवलं आहे कारण आत मी सारखा प्रश्न विचारत होतो. शिखाच्या पर्समध्ये हा कागद मिळाला.

सकाळी तो उठलाच नाही. हाक मारली तर डोळे फिरवून बघायचा आणि पुन्हा मान टाकायचा. उभा केला तर मागचे पाय फाकले. शिखाच्या नवऱ्याच्या व्हॅनमध्ये घालून आणला. इथल्या डॉक्टरीणबाई, ईशानी त्यांचं नाव, आपल्या कोमलपेक्षा लहान असतील. त्यांनी गब्बूच्या छातीला नळी लावली आणि किती तरी वेळ काढलीच नाही. मग म्हणाल्या, दिल बहुत धीरे चल रहा है, बीच-बीच में रुक रहा है. काय खाल्लं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, पोळी, दूध, डब्यातला भात, शिखाचे टोस्ट. पान सांगितलं नाही. लपवलं नाही ग, औषध म्हणजे खाणं असं डोक्यातच आलं नाही. त्या इंजेक्शन भरायला वळल्या तेव्हा शिखाच बोलली, और वो पत्थरचट्टा भी तो देते हो ना अंकल.

बाईंनी हातातली सिरिंज खाली ठेवली. कोणतं झाड, कशी पानं, कडेनं पिल्लं फुटतात का, रोज किती, केव्हापासून, सगळं विचारून घेतलं. शिखानं मोबाईलमध्ये आपल्या गॅलरीचा फोटो दाखवला, संक्रांतीच्या रांगोळीसाठी तू झाडं हलवलीस तेव्हाचा, गेल्या वर्षीचा. बाईंनी फोटोवर बोट ठेवलं. मला म्हणाल्या, "दादाजी, ये कुत्ते के लिए ज़हर है. एक पत्ता भी."

मी भांडलो. तुझ्या वतीनं भांडलो म्हण. म्हटलं, बाई, अख्खा माळवा पथरीवर हेच पान खातो, मी स्वतः खाल्लं आहे, आमच्या घरात मला त्यानं उतार पडला. त्या म्हणाल्या, माणसाचं मला विचारू नका, मी माणसांची डॉक्टर नाही. कुत्र्याला हे पान उलट्या करवतं, आणि रोज पोटात जात राहिलं तर हृदयाची चाल बिघडवतं. त्याला तुम्ही चिरून, गूळ लावून खाऊ घातलंत म्हणून पोटात गेलं, नाहीतर कुत्रं आपणहून इतकं खात नाही.

आणि पथरी नव्हतीच. लघवीच्या जागेला सूज आहे, साध्या गोळ्यांनी बरी होणारी. तो पाय वर करून थेंब-थेंब उभा राहायचा ते पाहून तुला माझी पथरी आठवली. मलाही तेच वाटलं असतं.

आता मी इथे बसून काय विचार करतो आहे ते तुला कळलं तर तू मला तोंड दाखवणार नाहीस. तुझ्या हातचं खाऊन हे कुत्रं मरेल, हे मी म्हणालो होतो. तू त्याच वाक्यावर घर सोडलंस. आणि आता तेच वाक्य आत टेबलावर पडलं आहे. मला जन्मभर माझं खरं करायची हौस. भांडणात, पत्त्यांत, अगदी रस्ता विचारतानाही. पण हे एक खरं होऊ नये म्हणून मी आज ओसरीतून दिसणाऱ्या टेकडीला हात जोडले, तुला माहीत आहे मी कधी जोडत नाही.

हे पत्र पाठवायचं नाही. आत बोलावलं.


देवास, ९ जानेवारी

नर्मदा,

गब्बू दोन दिवस जरा आजारी होता, आता घरी आहे. धोका टळला. काळजी करू नकोस.

चूक माझी झाली. पान द्यायचं मी विसरत होतो. पहिल्या पत्रात रोज देतो असं लिहिलं ते फुशारकीनं. तू असतीस तर त्याला वेळेवर मिळालं असतं. माझ्या आळशीपणामुळे पथरीनं उचल खाल्ली. डॉक्टरनी गोळ्या दिल्या आहेत, त्या देतो आहे. तुझा उपाय चांगलाच होता. मीच धड केला नाही.

एवढंच. थंडी आहे, शाल घेऊन बस.

— भाऊ


देवास, १४ जानेवारी, संक्रांत

नर्मदा,

हे आधी वाच आणि मग बाकीचं: त्या झाडाचं पान गब्बूला देऊ नकोस. एकसुद्धा नाही. चाटायलासुद्धा नाही.

आत्ता कोमलचा फोन येऊन गेला. म्हणाली, माई म्हणते भाऊंच्या भरवशावर कुत्रं ठेवायचं नाही, औषध द्यायला विसरतात, रविवारी जावई नीलेश गाडी घेऊन येतो आहे, गब्बूला धारला आणायचं. आणि माईनं तलावाजवळच्या नर्सरीतून पत्थरचट्ट्याचा चांगला भरलेला गमला आणून ठेवला आहे, आल्या दिवसापासून सुरू करायचं म्हणते. मी म्हटलं तो गमला फेकून दे. आत्ता फेक. ती म्हणाली, भाऊ, तुम्ही परत ओरडताय, आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलत नाही. मी खरंच ओरडलो असेन, शिखा घरातून बाहेर आली होती.

म्हणून हा कागद, आणि सोबत दवाखान्याच्या ओसरीत लिहिलेला तो दुसरा, जो पाठवणार नव्हतो. दोन्हींचे फोटो कोमलच्या मोबाईलवर टाकतो आहे. तिनं वाचले तर वाचू देत. तिनं तुला वाचून दाखवले तरी चालेल, फक्त लवकर दाखव म्हणावं.

मी विसरलो नव्हतो. एक दिवस चुकवला नाही. विसरलो असतो तर गब्बू आजारी पडला नसता. दुसऱ्या कागदात सगळं आहे, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. त्यांनी काळ्या कोळशाची पूड पाजली, इंजेक्शनं दिली, आणि संध्याकाळी त्याचं हृदय जरा बऱ्या चालीनं चालायला लागलं तेव्हा त्या स्वतः चहा प्यायला बाहेर आल्या. मला पण दिला. आता घरी आहे, गोळ्या चालू आहेत. पण पुन्हा ते पान पोटात गेलं तर या खेपेला वाचणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं आहे.

खोटं का लिहिलं ते तू विचारशील. माझं ते वाक्य तुझ्या अंगावर पडू नये म्हणून लिहिलं. मला वाटलं, आळशी ठरलो तर काय बिघडतं, तसाही तू मला शहाण्यांत धरत नाहीस. गब्बूला त्याचं पान बंद, तुला तुझं समाधान, आणि मला चार शिव्या, असा हिशोब मी केला होता. तू तिकडे गमला आणशील हे माझ्या हिशोबात नव्हतं. तुझ्याऐवजी मी असतो तर मीही आणला असता.

आता ते वाक्य. तुला वाटेल भाऊंचं खरं झालं. नाही झालं, नर्मदा. मला अक्कल होती म्हणून मी ते बोललो नव्हतो, राग आला म्हणून बोललो होतो. तेव्हा त्या पानात काय आहे याची ना तुला कल्पना होती ना मला. फरक एवढाच की तू त्याला बरं करायला निघाली होतीस आणि मला फक्त तुला गप्प करायचं होतं. आणि तू एक पान सांगितलंस, दोन मी दिली. त्याला नको होतं, तो काढून टाकत होता, तरी चिरून, गूळ लावून, फसवून मी दिली. तू सांगितलेलं करायचंच असं एकदा ठरवलं तर मी असं वेड्यासारखं करणार, हेही तुला माहीतच असायला हवं होतं. हे शेवटचं वाक्य वाचू नकोस. ते माझ्या स्वभावानं लिहिलं.

गमला नर्सरीत परत कर. तिळगूळ कोमलकडे केलाच असशील, माझ्या वाटचा शिखाच्या घरी खाल्ला.

— भाऊ


देवास, १७ जानेवारी

नर्मदा,

कोमलनं तुझ्या कागदाचा फोटो पाठवला. चष्मा लावून, फोन दूर धरून, जवळ धरून वाचला. मग शिखाकडून अक्षरं मोठी करून घेतली.

तू लिहिलंस, "माझं चुकलं असं तुम्ही आपण होऊन लिहिलंत, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी भयंकर झालं आहे." ओळखलंस तर मग नीलेशला गाडी घेऊन का पाठवत होतीस? की मी पथरी अंगावर काढू देतो आहे असं वाटलं? ते जाऊ दे. तुला माझं खोटं पहिल्या ओळीत कळतं हे मला चांगलंच ठाऊक असायला हवं होतं.

पुढे लिहिलंस की दिवाळीपासून तू त्याला पान देत होतीस, मला न सांगता, मी बाजारात गेलो की. एवढं मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं त्या भांडणाच्या आठवड्यातच सुरू केलं होतंस. बरं झालं सांगितलंस, मी बाईंना कळवलं. आणि मग ती शेवटची ओळ. "या हातानं मी आता त्याला काही भरवणार नाही. त्याला इकडे आणू नका आणि मलाही तिकडे बोलावू नका."

या ओळीवर मी दोन दिवस घरात येरझाऱ्या घालतो आहे. बसलो की उठावंसं वाटतं.

तर ऐक. गब्बू जिवंत आहे, पण खात नाही. औषधानं आपलं काम केलं असं बाई म्हणतात. हृदय सुधारलं, सूज उतरते आहे. आता त्यानं खायला हवं, आणि तो खात नाही. मी पोळी पुढे केली की हुंगतो, माझ्याकडे बघतो आणि तोंड फिरवतो. गुळाचा वास आला तर उठून गॅलरीच्या कोपऱ्यात जातो. मी जमिनीवर त्याच्याजवळ बसून स्वतः खाऊन दाखवलं. शिखानं खिचडी केली, तिच्या हातूनही नाही. पाणी पितो, बाकी काही नाही. बाई म्हणाल्या, खाण्यात काहीतरी लपवलेलं असतं हे त्याला पक्कं कळलं आहे, आता माणसावर विश्वास बसायला वेळ लागेल, पण त्याच्या अंगात तेवढा वेळ काढायची ताकद नाही. सारखं सलाईन लावून कुत्रं जगवता येत नाही. बरगड्या दिसायला लागल्या आहेत.

मला काही सुचलं नाही की मी गॅलरीत जातो. तुझी सगळी झाडं बाईंना फोटोत दाखवली. कोरफड आणि ते गोल, जाड, चकचकीत पानांचं जेड, दोन्ही त्यांनी कुत्र्यापासून लांब ठेवायला सांगितली, म्हणून माळ्यावर चढवली. ऊन कमी पडेल, पण मरणार नाहीत. ते गुलाबाच्या फुलासारखं, दगडासारख्या पानांचं, आणि ते पांढऱ्या पट्ट्यांचं ठेंगणं, ही दोन गब्बूला बाधणार नाहीत, ती जागेवरच आहेत. पानफुटी शिखाच्या मावशीला दिली. तिच्या घरी कुत्रं नाही. पण तुझी पानफुटी जिथे पान पडेल तिथे उगवते. फरशीच्या फटीत, पाईपच्या मागे, पायपुसण्याखाली. मी रोज गुडघ्यावर बसून शोधतो आणि रोज एखादं सापडतं. कालचं तर कुंडीच्या मागे बारीक मुळं सोडून बसलं होतं.

तू बोलावू नका म्हणालीस. ठीक आहे, बोलावत नाही.

— भाऊ


धार, १९ जानेवारी, कोमलच्या घराखाली, नीलेशच्या गाडीत

नर्मदा,

तू नको म्हणाली होतीस तरी घेऊन आलो आहे. बाईंनी सोडलं. म्हणाल्या, जो कोणी त्याला खाऊ घालू शकेल त्याच्याकडे न्या, आता तेवढंच औषध राहिलं आहे. नीलेश सकाळी शिफ्टवरून न झोपता सरळ देवासला आला, त्याला रागावू नकोस, मीच गळ घातली. वाटेत घाटाबिल्लोदला गाडी थांबवून गब्बूला दूध दाखवलं, नाही प्यायला. मागच्या सीटवर माझ्या शालीवर पडून होता.

कोमल दोनदा वर जाऊन आली. म्हणते माईनं आतून कडी लावली आहे आणि उत्तर देत नाही. मी वर येत नाही. मी आलो की बोलेन, आणि बोललो की काहीतरी वाकडं बोलेन. म्हणून हे, पेट्रोलच्या पावतीच्या मागे.

तुला वाटतं त्याला तुझ्या हाताची भीती बसली असेल. गाडी गल्लीत वळली तेव्हा वरच्या खिडकीतून तुझा खोकला ऐकू आला. मला ऐकू आला तसा त्यालाही. त्यानं मान उचलली आणि शेपूट सीटवर आपटली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. नीलेशला विचार. कोणाच्या हातातल्या पोळीत काय होतं, कोण चुकलं, कोण खोटं बोललं, हे सगळं आपल्या दोघांचं आहे. त्याच्या लेखी तू घरातून गेलीस आणि आली नाहीस, एवढंच झालं आहे.

खाली ये. येताना वाटीत नुसता भात आण, वाटल्यास चमचाभर दही. गूळ नको, पोळी नको, काही लपवू नकोस, तुझं बोट त्यात दिसू दे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी गाडीच्या पलीकडे उभा राहतो. त्यानं खाल्लं तर तो तुझ्याकडेच राहील. मी बसनं एकटा देवासला परत जाईन आणि त्यावर एक अक्षर काढणार नाही. नाही खाल्लं तर आपण दोघं मिळून बघू काय करायचं ते, पण तू आधी

वरून कुकरची शिट्टी झाली.

कोमल इथे गाडीच्या दाराशी उभी आहे. नीलेश पुढच्या सीटवर आहे. म्हणजे वर स्वयंपाकघरात तूच.

मग हा कागद आता पाठवत नाही. घाई करू नकोस. आणखी दोन शिट्ट्या होऊ दे, भात मऊ लागेल त्याला. आम्ही खाली बसलो आहोत.